जुन्या स्पोर्ट्‌स मोटारींच्या सस्पेन्शनची निवड व उपलब्धता : अहिल्यानगर जिल्ह्यातील रस्त्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

मोटारीची चाके आणि तिचे शरीर यांना जोडणाऱ्या, तरीही त्यांना परस्परांपासून काही अंतर स्वतंत्रपणे हलू देणाऱ्या यंत्रणेस सस्पेन्शन असे म्हणतात. पाठ्यपुस्तकांतून तिच्यासाठी 'निलंबन' हा पारिभाषिक शब्द योजला जातो. परंतु हा शब्द प्राध्यापकवर्गास निराळ्या आणि काहीशा कमी सुखद संदर्भात परिचित आहे. शिवाय गॅरेजमध्ये तो कोणीही उच्चारत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात रूढ शब्दच कायम ठेवला आहे.

जुन्या स्पोर्ट्‌स मोटारी हौसेने जपणाऱ्यांचा वर्ग महाराष्ट्रात लहान असला तरी चिवट आहे. एमजीबी अथवा ट्रायम्फ स्पिटफायर यांसारख्या ब्रिटिश दोन आसनी गाड्या, एकोणीसशे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने काढलेली तंतुकाचेच्या शरीराची सॅन स्टॉर्म, किंवा २००१ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडू लागलेली आणि शरीराने साधी असली तरी वृत्तीने स्पोर्ट्‌स मोटारच असलेली फियाट पॅलिओ १.६ ही त्यांतील काही नावे होत. यांपैकी एकाही गाडीचे उत्पादन आज चालू नाही. मूळ उत्पादकाचे सुटे भाग संपले की त्रयस्थ उत्पादकांनी बनविलेले पर्यायी भाग बसविण्यावाचून गत्यंतर नसते. अशा वेळी मालकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. कोणता भाग निवडावा, हा पहिला आणि तो आणावा कोठून, हा दुसरा. व्यवहारात यांचा क्रम बहुधा उलटा होतो. जे मिळते ते घेतले जाते, आणि गाडी खाली बसलेली दिसली की काम चांगले झाले असे मानले जाते. अहिल्यानगर जिल्ह्यासारख्या प्रदेशात ही समजूत महागात पडते. येथे निवडीचा आरंभ चाकास वर-खाली होण्यासाठी किती जागा उरते या प्रश्नापासून व्हावयास हवा. स्प्रिंगचा कडकपणा, तसेच उत्पादकाचे नाव, या त्यानंतरच्या गोष्टी होत.

जिल्ह्यातील रस्त्यांचे स्वरूप :

२०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर असे नामांतर झालेला हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असून तो १७ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक विस्तृत आहे. साहजिकच त्यातील रस्ते एकसारखे नाहीत. मोटारीच्या दृष्टीने येथील दोन बाबी विशेष महत्त्वाच्या आहेत.

पहिली बाब काळ्या मातीची. प्रवरा आणि गोदावरी यांच्या खोऱ्यांतील राहुरी, श्रीरामपूर, नेवासे, शेवगाव या पट्ट्यात खोल काळी जमीन आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावरील डांबरी रस्ता खड्डे बुजविल्यानंतरही सपाट राहत नाही. त्यावर लांब, संथ लाटा उमटतात. त्यात गळीत हंगामात उसाने भरलेल्या जोडट्रॉल्यांची भर पडते आणि रस्त्याच्या कडेचा भाग दबून चाकोऱ्या तयार होतात. नवख्या चालकास खड्डा दिसतो, लाट दिसत नाही. ती गाडीला मात्र जाणवते.

दुसरी बाब गतिरोधकांची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकानुसार ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर वक्रत्रिज्येचा असावा. या आकड्यांचा अर्थ थोड्या भूमितीने स्पष्ट होतो. स्पिटफायरच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २.१०८ मीटर आहे. म्हणजे प्रमाणित गतिरोधकावर तिची चारही चाके एकाच वेळी मावतात. अशा स्थितीत चाकांच्या रेषेपेक्षा गतिरोधकाचा माथा किती वर येतो हे काढण्यासाठी त्या अंतराच्या वर्गास त्रिज्येच्या आठपटीने भागावे लागते. उत्तर सुमारे ३३ मिलिमीटर येते. २.३११ मीटर अंतराच्या एमजीबीसाठी तेच ३९ मिलिमीटर भरते. याचा अर्थ असा की नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक खालच्यात खालच्या गाडीलाही सहसा त्रास देणार नाही.

याउलट गावच्या वेशीवर हौसेने घातलेला दीड-दोन फूट रुंदीचा आणि १५ सेंटिमीटर उंचीचा उंचवटा घेतला, तर पुढची चाके तो ओलांडून जातात, मागची अद्याप पोहोचलेली नसतात आणि गाडीच्या पोटाखाली पूर्ण १५० मिलिमीटर मोकळी जागा लागते. या दोन्ही गाड्यांत मूळ स्थितीतही एवढी जागा नाही. अनुभवी चालक अशा ठिकाणी गाडी तिरकी काढतात ती याच कारणाने. जी गाडी मुळातच तिरकी काढावी लागते, ती आणखी ४० मिलिमीटर खाली बसविण्याचे समर्थन करणे अवघड आहे.

स्प्रिंग : आकडे आणि आभास :

स्प्रिंगचे मुख्य प्रकार तीन. एकावर एक पट्ट्या रचलेला पाटा, वेटोळ्यांची कॉइल स्प्रिंग आणि पीळ घेणारी पोलादी कांडी म्हणजे टॉर्शन बार. अहिल्यानगरकर वाचकास यांपैकी दोन प्रकार भव्य आकारात पाहावयाचे असल्यास १९९४ मध्ये सुरू झालेल्या येथील रणगाडा संग्रहालयात एक फेरी मारावी. सेंच्युरियन रणगाड्याचा भार आडव्या कॉइल स्प्रिंगांवर असतो, तर पॅटनचा भार पोटातून आडव्या गेलेल्या टॉर्शन बारांवर. पॅटनची ही कल्पना आणि १९८९ पर्यंतच्या पोर्शे ९११ ची कल्पना तत्त्वतः एकच आहे.

स्प्रिंगची निवड करताना ती किती कडक आहे एवढाच आकडा विचारला जातो. त्याने गाडीची वागणूक कळत नाही. ती कळण्यासाठी त्या स्प्रिंगवर शरीराचा किती भार आहे हे पाहून शरीर एका सेकंदात स्वभावतः किती वेळा वर-खाली होईल, म्हणजेच त्याची स्वाभाविक वारंवारिता किती, हे काढावे लागते. साध्या प्रवासी मोटारीत ती सर्वसाधारणपणे १ ते १.५ हर्ट्‌झ असते, स्पोर्ट्‌स मोटारीत १.५ ते २ च्या आसपास, आणि शर्यतीच्या गाडीत त्याहून अधिक.

एक काल्पनिक परंतु वास्तवाशी जुळणारे उदाहरण घेऊ. एका हलक्या गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकावर शरीराचा १७० किलोग्रॅम भार आहे. चाक १०० मिलिमीटर वर गेले की स्प्रिंग ६० मिलिमीटर दबते, म्हणजे त्यांचे गुणोत्तर ०.६ आहे. स्प्रिंगची तार १२ मिलिमीटर जाड, वेटोळ्याचा मध्यव्यास १०० मिलिमीटर आणि कार्यरत वेटोळी ७ आहेत. सूत्रानुसार स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चतुर्थ घाताच्या सम प्रमाणात, तर मध्यव्यासाच्या घनाच्या आणि वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. पोलादाची नेहमीची स्थितिस्थापकता धरल्यास या स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला सुमारे २९ न्यूटन येतो. परंतु चाकापाशी तो एवढा जाणवत नाही. गुणोत्तराच्या वर्गाने, म्हणजे ०.३६ ने गुणल्यावर चाकापाशी केवळ १०.५ उरतो. वारंवारिता १.२५ हर्ट्‌झ.

आता तार १३ मिलिमीटर जाडीची घेतली, तर एका मिलिमीटरच्या वाढीने कडकपणा ३८ टक्के वाढून सुमारे ४० न्यूटन होतो. डोळ्यांना हा फरक दिसत देखील नाही. असे असूनही वारंवारिता १.४७ हर्ट्‌झपर्यंतच जाते, कारण ती कडकपणाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. जाहिरातीतील 'तीस टक्के अधिक कडक' या शब्दांचा प्रत्यक्ष अर्थ चौदा टक्के वाढ एवढाच असतो, हे ध्यानी ठेवले म्हणजे बरीच निराशा टळते.

याच उदाहरणात काही गॅरेजांतून चालणारा एक उपाय तपासून पाहण्याजोगा आहे. गाडी खाली बसविण्यासाठी कॉइल स्प्रिंगचे एक वेटोळे कापून टाकले जाते. वेटोळी ७ ऐवजी ६ झाल्याने कडकपणा १७ टक्के वाढतो, वारंवारिता १.३५ होते. दोन वेटोळ्यांतील अंतर ४५ मिलिमीटर असेल, तर स्प्रिंग तेवढी आखूड होते; अधिक कडक झाल्याने ती सुमारे १३ मिलिमीटर कमी दबते; उरलेली ३२ मिलिमीटरची घट गुणोत्तरामुळे चाकापाशी ५० मिलिमीटरांहून थोडी अधिक भरते. मुळात चाकास वर जाण्यासाठी ९० मिलिमीटर जागा होती असे मानल्यास आता जेमतेम ३८ उरली. स्प्रिंग जी ऊर्जा साठविते ती दबण्याच्या अंतराच्या वर्गाप्रमाणे बदलते. तेव्हा तोच धक्का ९० ऐवजी ३८ मिलिमीटरांत जिरवावयाचा, तर कडकपणा पाचपटींहून अधिक हवा. तो वाढला आहे फक्त १७ टक्के. उरलेला धक्का रबरी आघातरोधकावर, त्यानंतर गाडीच्या पत्र्यावर आणि अखेरीस बसणाऱ्याच्या कण्यावर जातो. मनुष्याच्या शरीरास उभ्या दिशेतील ४ ते ८ हर्ट्‌झची कंपने सर्वाधिक जाचतात, आणि आघातरोधकावर बसलेली गाडी नेमकी कंपनांच्या त्या पट्ट्याकडे सरकते.

मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीच्या गाड्यांत, पॅलिओ त्यांपैकीच, आणखी एक तोटा होतो. गाडी खाली आली की खालचा आर्म आडव्याच्या पुढे वर झुकतो आणि ज्या काल्पनिक बिंदूभोवती शरीर वळणावर कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जलद खाली जातो. परिणामी, गाडी बुटकी होऊनही वळणावर अधिक कलू पाहते. उंचीत फेरफार केल्याने वागणूक बिघडते याचे ऐतिहासिक उदाहरण एमजीबीचेच आहे, आणि ते उलट दिशेचे आहे. अमेरिकी नियमांसाठी १९७४ च्या अखेरीस ही गाडी सुमारे दीड इंच उंच करण्यात आली. तिचे वळणावरचे वागणे त्यानंतर बिघडले, आणि पुढे कल रोखणारा दांडा पुन्हा बसवून ते काहीसे सावरावे लागले. मूळ अभियंत्यांच्या हातूनही जे सहजी सुटले नाही, ते करवतीने सुटेल अशी अपेक्षा न ठेवणे बरे.

शॉकॲब्सॉर्बर :

स्प्रिंग धक्का घेते, परंतु तो गिळत नाही. ती तो परत करते. ती ऊर्जा उष्णतेत बदलून संपविण्याचे काम शॉकॲब्सॉर्बरचे. गॅरेजच्या बोलीत त्याचा 'शॉकअप' झाला आहे. जुन्या गाडीत सर्वप्रथम बदलण्याजोगा भाग हाच होय, आणि याची कारणमीमांसा काळ्या मातीतल्या लाटांकडे पुन्हा घेऊन जाते.

समजा रस्त्यावर १५ मीटर लांबीच्या लाटा आहेत आणि प्रत्येक लाट सरासरी पातळीच्या ३ सेंटिमीटर वर व ३ सेंटिमीटर खाली जाते. वरील उदाहरणातील १.२५ हर्ट्‌झची गाडी ताशी ६८ किलोमीटरच्या आसपास धावू लागली की लाटांची आणि शरीराची वारंवारिता एक होते. झोपाळ्यास योग्य क्षणी धक्का देत राहावे तसे हे असते. एकाच चाकाचे साधे प्रतिमान धरल्यास अशा वेळी स्प्रिंग किती दबेल हे जवळजवळ सर्वस्वी शॉकॲब्सॉर्बरवर अवलंबून राहते. तो सुस्थितीत असून त्याचे शमन-गुणोत्तर ०.३ असेल, तर चाक शरीराच्या सापेक्ष ५ सेंटिमीटर वर जाते. तो निम्मा निकामी होऊन गुणोत्तर ०.१५ वर आले असेल, तर १० सेंटिमीटर. उपलब्ध जागा ९ सेंटिमीटर आहे. म्हणजे नव्या शॉकॲब्सॉर्बरने गाडी लाटेवरून तरंगत जाते आणि जुन्याने प्रत्येक लाटेस तळ गाठते. वेटोळे कापलेल्या गाडीत जागा ३.८ सेंटिमीटरच असल्याने ती नवा शॉकॲब्सॉर्बर घालूनही तळ गाठते. फरक इतकाच की तिच्या बाबतीत हे ताशी ७३ किलोमीटरला घडते. १३ मिलिमीटर तारेच्या स्प्रिंगने तोच वेग ७९ होतो. स्प्रिंग कडक केल्याने अडचण जात नाही, ती केवळ वेगळ्या वेगास भेटते.

करंजी घाटासारख्या उतरत्या वळणावर तळ गाठलेल्या चाकाची रस्त्यावरील पकड क्षणभर सुटते. वरील सारे आकडे शेवटी त्या एका क्षणाविषयीचे आहेत.

स्प्रिंग बदलल्यास शॉकॲब्सॉर्बरही तिला साजेसा हवा. कडकपणा ३० टक्के वाढला की आवश्यक शमनही सुमारे १४ टक्के वाढते. म्हणून कडक स्प्रिंग आणि जुना शॉकॲब्सॉर्बर ही जोडी सर्वांत वाईट होय. पुढील व मागील चाकांचा मेळही पाहावा लागतो. एकोणीसशे तीसच्या दशकात कॅडिलॅकसाठी काम करणारे मॉरिस ऑली यांनी दाखवून दिले की मागच्या बाजूची वारंवारिता पुढच्यापेक्षा थोडी अधिक ठेवल्यास गाडी कमी डुलते. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या एमजीबीचे पुढचे चाक उंचवट्यावर चढल्यानंतर सुमारे एकदशांश सेकंदाने मागचे चढते. मागची बाजू जरा चपळ असली की ती पुढच्या बाजूस गाठते आणि शरीर सपाट राहते. फक्त पुढच्याच स्प्रिंगा कडक करणाऱ्यांच्या हातून हे संतुलन नकळत मोडते.

उंची फिरवून कमी-जास्त करता येणाऱ्या 'कॉइलओव्हर' संचांचे आकर्षण मोठे आहे. त्यांचे मोल उंची बदलण्यात नसून चारही कोपऱ्यांवरील भार सारखा करण्यात आहे, परंतु तसा उपयोग क्वचितच होतो. धुळीच्या प्रदेशात त्यांचे आटे जाम होतात, हेही लक्षात घ्यावे. हवेच्या पिशव्यांची सस्पेन्शन जुन्या हलक्या गाडीत बसविण्याचे सबळ कारण दिसत नाही.

उपलब्धता : नातेसंबंधांचा शोध :

सुटा भाग शोधणे हे पुष्कळसे वंशावळ शोधण्यासारखे आहे. १९६२ मध्ये आलेली स्पिटफायर ही ट्रायम्फ हेरल्डचा सांगाडा आखूड करून बनविलेली गाडी. तीच हेरल्ड मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्‌सने १९६१ पासून दहा वर्षे 'स्टँडर्ड हेरल्ड' या नावाने भारतात बनविली. त्यामुळे स्पिटफायरच्या पुढच्या सस्पेन्शनचे भारतीय सोयरे या देशात हजारो घरांच्या दारात उभे होते. आजही भंगार बाजारात 'स्पिटफायरचा भाग' मागितल्यास नकार मिळेल. 'हेरल्डचा' मागितल्यास विक्रेता निदान मागे वळून पाहील.

या कुळाचा एक दोषही वारशाने येतो. पुढच्या चाकाचा उभा दुवा खालच्या टोकाशी पितळी ट्रनियनमध्ये आट्यांवर फिरतो. त्यात घट्ट ग्रीस नव्हे, तर गिअरचे पातळ तेल भरावयाचे असते. सवयीने ग्रीस मारले की आट्यांत ओलावा अडकतो, गंज चढतो आणि दुवा एके दिवशी वळणावर तुटतो. येथे कोणताही महागडा संच तेलाच्या त्या कुपीची जागा घेऊ शकत नाही. मागच्या बाजूस आडवा पाटा आणि झुलत्या अर्धधुरा आहेत. वळणावर ॲक्सिलरेटर एकदम सोडल्यास बाहेरचे चाक आत दुमडते. ट्रायम्फने १९७० च्या मार्क फोरमध्ये पाट्याच्या वरच्या पट्ट्यांना झुलू देऊन यावर उपाय केला. स्टँडर्ड कंपनीने १९७२ च्या गॅझेलमध्ये ही रचनाच सोडून अखंड धुरा घेतली. जुन्या स्पिटफायरसाठी मार्क फोर पद्धतीचा पाटा आणि त्यासोबतचा पुढचा जाड दांडा हा विदेशातून मागविण्याजोगा खरा सुधार होय. त्याने गाडी दिसावयास तशीच राहते, पण वागावयास निराळी होते.

एमजीबीत पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचा दांडा हाच वरचा आर्म असतो. तो झिजला की केवळ उसळी वाढते असे नाही, तर चाकाचा कोनही बदलतो. नळीच्या आकाराचे आधुनिक शॉकॲब्सॉर्बर बसविणारे संच मिळतात. तथापि पुढच्या बाजूस जुना भाग आर्म म्हणून तसाच राहतो, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. त्याची दुरुस्ती आधी, संच नंतर.

पॅलिओचे नाते सिएना, पेट्रा आणि ॲडव्हेंचर यांच्याशी आहे. पुढे फियाटचे उत्पादन कुर्ल्याहून नगर रस्त्यावरच्याच रांजणगावास आल्याने या कुळातील गाड्या पुणे-नगर पट्ट्यात बऱ्याच आढळतात. परंतु नाते असले तरी भाग जसाच्या तसा जुळेलच असे नाही. जड डिझेल इंजिनासाठी केलेली पुढची स्प्रिंग पेट्रोल गाडीत घातल्यास नाक वर उचलले जाते.

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात जुना बाजार ही वापरलेल्या भागांची ठिकाणे प्रसिद्धच आहेत. तेथे धातूचे भाग घ्यावेत, रबराचे घेऊ नयेत. खोक्यात न वापरता पडून राहिलेले तीस वर्षांपूर्वीचे बुश किंवा तेलाचे सील हे नवे नसतात. ते फक्त न वापरलेले असतात. शॉकॲब्सॉर्बर घेताना नाव पाहण्यापूर्वी फूटपट्टी लावावी. पूर्ण उघडल्यावर लांबी किती, पूर्ण मिटल्यावर किती, टोकाला डोळा आहे की आटे, आणि नळीचा व्यास किती. मिटल्यावरची लांबी आघातरोधकाच्या मर्यादेहून अधिक असेल, तर शॉकॲब्सॉर्बर स्वतःच आघातरोधक बनतो आणि फुटतो. १९६१ मध्ये स्थापन झालेली गॅब्रिएल इंडिया आणि तिच्यासारखे देशी उत्पादक शेकडो प्रकार बनवितात. मापे हाती असल्यास त्यांत जुळणारा नग सापडू शकतो. मात्र मापे जुळली तरी आतील झडपांची रचना ज्या गाडीसाठी केली आहे तिच्या वजनाची असते. दुप्पट जड गाडीचा शॉकॲब्सॉर्बर हलक्या गाडीत मापाने बसेल, पण ती दगडासारखी चालेल.

वजनाचा प्रश्न या जिल्ह्यात सुटण्यासारखा आहे, कारण येथे साखर कारखाने आहेत आणि कारखान्यांबाहेर भुईकाटे आहेत. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग संपूर्ण गाडी, आणि नंतर फक्त मागची चाके. टाकी भरलेली, बसणारे बसलेले. काट्याचा लहानात लहान आकडा ५ किंवा १० किलोग्रॅमचा असतो, पण स्प्रिंग ठरविण्यास तेवढे पुरेसे आहे. चाके, ब्रेक व धुरेचा भार वजा केला की वर केलेले सारे गणित घरबसल्या करता येते, आणि स्प्रिंग बनविणाऱ्या कारखान्यास तारेची जाडी, मध्यव्यास, वेटोळी, मोकळी लांबी, टोकांचा आकार व वेटोळ्यांची दिशा लिहून देता येते. बनविल्यानंतर स्प्रिंग पूर्ण दाबून तिची लांबी स्थिर करून घेतली आहे का, हे आवर्जून विचारावे; अन्यथा महिन्याभरात ती बसते. पाट्यांसाठी महामार्गावरील ट्रकचे पाटेवाले कामास येतात. पाटा थंड स्थितीत ठोकून कमानीस आणणारा कारागीर निवडावा. गॅसच्या ज्योतीने लाल केलेल्या पाट्याचे पाणी उतरते. पाच पट्ट्यांच्या पाट्यात तशीच एक पट्टी वाढविली की कडकपणा सुमारे २० टक्के वाढतो, हा मागच्या बाजूचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

बुशांच्या बाबतीत पॉलियुरेथेनचा बोलबाला आहे. कल रोखणाऱ्या दांड्याच्या पकडींत ते चांगले काम देते. आर्मच्या आणि पाट्याच्या टोकांशी मात्र मूळ जातीचे रबरच बरे; खराब रस्त्याची बारीक थरथर ते स्वतःत जिरविते आणि पीळ सहन करते. विदेशी मालावर आयात शुल्काखेरीज वस्तू व सेवा कर लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवर तो १८ टक्के आहे. पाट्यासारख्या जड वस्तूत वाहतुकीचा खर्च पाहता देशी कारागीर अधिक सोयीचा ठरतो.

कायद्याची चौकट :

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ निश्चित केलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका दृढ केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अवैध बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कायद्यातील व्याख्येनुसार बदल म्हणजे वाहनाच्या रचनेत असा फरक, ज्यामुळे त्याचे मूलभूत वैशिष्ट्य पालटते. त्या दृष्टीने झिजलेल्या शॉकॲब्सॉर्बरच्या जागी, त्याच बिंदूंवर, समतुल्य शॉकॲब्सॉर्बर बसविणे ही दुरुस्ती ठरावी. सांगाड्यास नवे आधार जोडून सस्पेन्शनचा प्रकारच बदलणे हे निराळे प्रकरण आहे. या दोहोंमधील प्रदेश धूसर आहे आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक त्यातच बोट घालतो. देयके, जुने भाग आणि मापांची नोंद जपून ठेवणे म्हणूनच इष्ट.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२६ मध्ये वाहनांच्या नमुन्यांची तपासणी करणाऱ्या ज्या संस्था नमूद आहेत, त्यांत पुण्याच्या एआरएआयबरोबरच अहिल्यानगरच्या वाहननगरातील संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास आस्थापना, अर्थात व्हीआरडीई, ही आहे. देशभरातील वाहनांची परीक्षा घेणारी संस्था शेजारी असली, तरी एखाद्या हौशी मालकाच्या एकट्या गाडीस तिचा उपयोग नाही. तेथील व्यवस्था उत्पादकांसाठी आहे.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम झाले. २० हजार रुपये शुल्क भरून 'व्हीए' मालिकेतील नोंदणी मिळते. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी आणि सांगाडा, शरीर अथवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. सस्पेन्शनचा त्यात नावाने उल्लेख नाही. पण नव्या आधारांसाठी सांगाडा कापला की तो सांगाड्यातील फेरफार होतो. स्पिटफायर किंवा एमजीबीच्या मालकाने वेल्डिंग मागणारा कोणताही संच घेण्यापूर्वी हा विचार करावा. शिवाय अशी गाडी प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन व देखभाल यांपुरतीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नव्हे.

जोडणी :

चांगला भाग वाईट बसविला जाण्याचे प्रमाण मोठे आहे. गाडी लिफ्टवर, चाके लोंबकळत असताना रबरी बुशांचे बोल्ट आवळणे ही सर्वसाधारण चूक होय. रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडले जाते आणि गाडी जमिनीवर येताच कायमचे पिळलेले राहते. काही महिन्यांत ते फाटते आणि दोष मालाला दिला जातो. बोल्ट प्रथम हाताने बसवून, गाडी चाकांवर उभी करून, दोन माणसे आत बसवून आणि गाडी थोडी मागेपुढे ढकलून मगच पक्के आवळावेत. नव्या स्प्रिंगा पाचशे किलोमीटरांत थोड्या बसतात. म्हणून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही ठिकाणी पहिल्या दिवशी मोजून लिहावी, तेवढ्या प्रवासानंतर पुन्हा मोजावी आणि व्हील अलाइनमेंट त्यानंतर करावी.